परभणीहून एकटं मुंबईत राहायला येताना

गावाकडून कोणाचा ना कोणाचा फोन चालूच असतो. ताई, मुंबईत जॉब लागलाय, पंधरा दिवसात जॉइन व्हायचंय, रूम बघ ना, बजेट सात-आठ हजार, ऑफिसच्या जवळ पाहिजे. मी सगळ्यांशी नीट बोलते, कारण मी आले तेव्हा मला असा फोन करायला कोणी नव्हतं. पण फोनवर सगळं सांगून होत नाही, मध्येच माझं स्टेशन येतं नाहीतर तिकडून आई हाक मारते, म्हणून एकदा बसून सविस्तर लिहिते.

मुंबई महाग आहे हे माझ्याकडून ऐकायची गरज नाही, परभणीच्या बसस्टँडवर कोणीही सांगेल. मला जे सांगायचंय ते असं की मुंबईत खरे पैसे भाड्यात जात नाहीत, ओळखीचं कोणी नसतं त्यात जातात. बघा ना, ज्याची आत्या डोंबिवलीला आहे किंवा काका भांडुपला, तो पहिले दोन-तीन महिने त्यांच्या हॉलमध्ये झोपतो, घरचं जेवतो, तेवढ्यात त्याला लोकल कळते, कुठल्या स्टेशनची ईस्ट बरी कुठली वेस्ट ते कळतं, मग काकांच्याच ओळखीत कोणाची तरी खोली रिकामी होते आणि ब्रोकर मध्ये न येता कमी डिपॉझिटवर काम होऊन जातं. ज्याचं कोणी नाही त्याला पहिल्या रात्रीपासून हे सगळं विकत घ्यावं लागतं. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, मालकाला तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट, वर चालू महिन्याचं भाडं आगाऊ. म्हणजे ३०,००० भाड्याच्या वन बीएचकेत पाय ठेवायच्या आधी दीड लाखाच्या वर मोजायचे, तेही पहिला पगार व्हायच्या आधी!

माझा पगार हातात ३२,००० यायचा. वडिलांचं सोयाबीन त्या वर्षी परतीच्या पावसात गेलं होतं, त्यांच्याकडे एवढे पैसे मागायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पीजी. ऑफिस लोअर परळला, तिथून चालत जाता येईल अशी जागा बघितली, एका खोलीत चार कॉट, प्रत्येकीला एक लोखंडी कपाट, १४,००० रुपये महिना आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. गॅस नाही, इंडक्शनला बंदी, डबा बाहेरून, रात्री साडेदहाला गेट बंद. ऑडिटच्या सीझनला मला निघायलाच अकरा वाजायचे, मग खाली उभं राहून केअरटेकरला फोनवर फोन. सोडताना पेंटिंग आणि साफसफाईच्या नावावर एक महिन्याचं डिपॉझिट कापून घेतलं, कागद कसलाच दिलेला नव्हता. तिथे एक गोष्ट मात्र चांगली झाली, मला हिंगोलीची एक आणि जालन्याची एक अशा दोघी भेटल्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

घर शोधायला लागलो तेव्हा प्रश्न ऐकायला मिळाले. मुली आहेत का मुलं, मुली असतील तर बघू, नॉनव्हेज करणार का, घरी कोण कोण येणार, लग्न कधी करणार. हे सगळं एक वेळ सहन होतं. जे सहन झालं नाही ते वेगळं आहे. परभणीला माझ्यासोबत बी.कॉम.ला असलेली माझी मैत्रीण तेव्हा माझ्याबरोबरच घर शोधत होती. फोनवर सगळं ठरायचं, भाडं ठरायचं, बघायला या म्हणायचे, आणि आडनाव सांगितलं की घर आत्ताच गेलं. ती मुसलमान आहे. एकाच बिल्डिंगमधलं तेच घर दुसऱ्या दिवशी मला दाखवायला ब्रोकर तयार होता. ती शेवटी नात्यातल्या लांबच्या कोणाकडे मुंब्र्याला राहिली आणि तिथून रोज बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला, जाते. ज्यांच्या हातात घरं आहेत त्यांनी हे थांबवलं पाहिजे, याच्यापेक्षा मवाळ शब्दात मला हे लिहिता येत नाही.

आता जरा मागे जाते, कारण मागचं कळल्यावर मला पुढचा रस्ता दिसला. आमच्या ऑफिसात रिटायरमेंटला आलेले एक काका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, लालबागला वाढलेले. एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, काका तुमचे वडील गावाहून आले तेव्हा राहिले कुठे? ते म्हणाले, कुठे म्हणजे, गावाच्या खोलीत. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की एकेका गावच्या मंडळाने मुंबईत मिळून भाड्याची खोली घेतलेली असायची, गावातून जो कोणी कामाला येईल त्याने सरळ तिथे जायचं. वीस-पंचवीस माणसं एका खोलीत, रात्रपाळीवाला दिवसा झोपणार, दिवसपाळीवाला रात्री, ट्रंका फळीवर, वळकट्या भिंतीला लावलेल्या, उन्हाळ्यात निम्मी माणसं गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पथारी टाकून. महिन्याची वर्गणी ठरलेली. नवीन पोरगा आला की त्याला कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात चिकटवायचं तेही खोलीतलीच माणसं बघायची, जॉबरशी, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाशी बोलायची, आधी बदली कामगार म्हणून लावायची. बीडीडी चाळीतली खोली म्हणजे १६० चौरस फूट, तेवढ्या जागेत हा सगळा कारभार. गोव्याच्या लोकांचे असेच गावागावाचे क्लब आहेत, त्याला कूड म्हणतात, धोबीतलावला जेर महालच्या बिल्डिंगमध्ये ते आजही आहेत. हाल होतेच, काकांनी ते लपवलं नाही, ढेकूण, संडासची लाइन, सगळं सांगितलं. पण पहिल्या रात्री कुठे झोपायचं हा प्रश्न त्यांच्या वडिलांना पडला नव्हता.

जेवणाचं पण तसंच. गिरणगावात बायका घरच्या घरी खाणावळी चालवायच्या, एकेक बाई कितीतरी कामगारांना दोन वेळचं रांधून घालायची आणि हिशोब पगाराला. त्या बायकांची फरफट व्हायची, किराणा उधारीवर, पैसे सावकाराचे, व्याजातच कमाई जायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. एकट्या आलेल्या माणसाच्या पोटाची सोय कोणीतरी करत होतं आणि त्या सोय करणाऱ्या बाईची सोय बघणारंही कोणीतरी होतं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा तो मोठा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि आता त्याच जमिनीवरच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये आम्ही एसीत बसून एक्सेल भरतो.

काकांशी बोलल्यावर माझ्या डोक्यातला एक जुना प्रश्न सुटला. रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या पोराला मुंबईत कोणी ना कोणी असतंच, मग आम्हालाच का नसतं? कारण मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. गिरण्या जोरात होत्या, कोकणातून आणि घाटावरून गावंच्या गावं इकडे येत होती, तेव्हा आमच्या आजोबा-पणजोबांची मोठी बाजारपेठ, कचेऱ्या, कॉलेज सगळं हैदराबादच्या दिशेला होतं. रेल्वेचंही तेच, मनमाडपासून आमच्याकडची लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, तोवर मीटरगेज, मुंबईला यायचं तर मनमाडला सामान उतरवून दुसरी गाडी धरायची. आजही आमच्याकडचा पोरगा शिकायला आधी संभाजीनगर नाहीतर पुणे बघतो. म्हणजे आम्ही इथे एकटे पडतो त्यात आमच्या स्वभावाचा काही दोष नाही की मुंबईची माणसं वाईट आहेत असंही नाही, आमच्या माणसांची साखळी इथे कधी लागलीच नाही एवढंच. आणि पोरींची तर कोकणातल्यांचीही लागली नाही. गावाची खोली ही पुरुषांची खोली होती, बाई यायची ती कोणाची तरी बायको म्हणून, किंवा नातेवाइकांकडे. नोकरीसाठी एकटी येणारी परभणीची पोरगी त्या कुठल्याच हिशोबात नव्हती.

म्हणून आम्ही तिघींनी ती साखळी लावायला घेतली.

मुलुंड ईस्टला एक वन बीएचके मिळाला, ३०,००० भाडं, १ लाख डिपॉझिट, तिघींत वाटून. डोंबिवलीला असंच घर बरंच स्वस्त मिळतं, पण आम्ही मुलुंड घेतलं ते लोकलचा हिशोब करून. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल मुलुंडला पहिल्याच स्टॉपला येते, तेव्हा डब्यात नीट आत जाता येतं, बऱ्याचदा बसायलाही मिळतं, आणि तीच गाडी न बदलता मला करी रोडला सोडते, तिथून लोअर परळ चालत. भांडुप-घाटकोपरपर्यंत डबा इतका भरतो की तिथे चढणाऱ्या बायकांकडे बघून वाईट वाटतं. नवीन येणाऱ्याने नकाशावरचे किलोमीटर बघू नयेत, गाडी कुठून सुटते आणि आपल्याला कुठे बदलावी लागते ते बघावं. आणि घर स्टेशनपासून चालत असावं, ब्रोकर पाच मिनिटं म्हणाला तरी संध्याकाळी सातच्या गर्दीत स्वतः चालून बघा. महिन्याचा सेकंड क्लासचा पास दोन-तीनशेत होतो, त्यामुळे लांब राहण्यात पैसे नाही जात, जीव जातो. लेडीज डब्यात सीट बसलेल्या बाईला विचारून मिळते, चढलं की विचारायचं कुठे उतरणार, ती घाटकोपर म्हणाली की घाटकोपरनंतर ती सीट तुमची, दुसरी कोणी आली तर आजूबाजूच्या बायकाच सांगतात की हिने आधी विचारलंय. सुरुवातीला लाजू नका, विचारा.

ॲग्रीमेंटबद्दल मात्र कोणी काहीही सांगितलं तरी ऐकू नका. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालंच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये सरळ लिहिलंय की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केली तर त्याला दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको असं इथे नाही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का, रजिस्ट्रेशन फी शहरात १,००० रुपये, म्हणजे फार काही नाही, खर्च कोण करणार तेवढं आधी बोलून घ्या. डिपॉझिटचा आकडा करारात लिहिलेला पाहिजे, चेकने किंवा ऑनलाइन द्या. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते ती पण ऑनलाइन होते, त्याची पावती स्वतःकडे ठेवा. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते त्याला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, त्याच्या नावाखाली भाड्यात भलतीच रक्कम मिसळली जात असेल तर बिल दाखवा म्हणायचं.

आमचं ॲग्रीमेंट झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरमालक काकूंच्या हॉलमध्येच आला. आम्हा तिघींचे अंगठे पटापट लागले, काकूंचा काही केल्या लागेना. सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर भांडी आणि पोळपाट-लाटणं, बोटावरच्या रेघाच पुसट झाल्यात. एजंट म्हणाला दुसरं बोट द्या, तेही नाही, मग त्यांनी पदराने बोट पुसलं, गरम पाण्यात धरलं, हिंगोलीवालीने त्यांच्या बोटाला खोबरेल तेल चोळून परत पुसून दिलं, आणि मधलं बोट एकदाचं लागलं. त्या तेवढ्या वेळात काकूंनी आम्हाला तिघींची गावं, आईवडील, भावंडं सगळं विचारून घेतलं आणि कागद होईपर्यंत आमच्यासाठी पोहे पण टाकले. त्या कधी प्रभादेवीच्या चाळीत राहायच्या, त्यांच्या सासूबाई खाणावळ चालवायच्या हेही तेव्हाच कळलं. पुढे आम्ही जे काही करू शकलो ते काकूंनी हो म्हटलं म्हणूनच.

जेवणाचं आधी मिटवा, घर नंतर सजवा. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, दादर, गिरगाव, जिथे मराठी वस्ती आहे तिथे पोळी-भाजी केंद्र असतंच आणि माझ्या मते मुंबईत एकट्या माणसाला याच्याएवढा आधार दुसरा कशाचा नाही. आमच्या गल्लीतलं केंद्र म्हणजे दुकानाचा एक गाळा, पुढे स्टीलचं काउंटर, मागे तीन बायका सतत लाटतायत. साडेसातला गेलं तर घडीच्या पोळ्या तव्यावरून थेट कागदात, १० रुपयाला एक, भाज्या पातेल्यांत झाकून, फ्लॉवर-बटाटा, मटकीची उसळ, दुधी, शुक्रवारी ज्वारीची भाकरी. नऊनंतर गेलं तर फक्त वरण उरतं. घरचा डबा नेला तर मावशी भाजी हात सैल सोडून घालतात. आमटीत गूळ असतो, आमच्या जिभेला ते जड जातं, पण घरून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ, आणलेला असतो, पोळ्या केंद्रातून आणायच्या आणि घरी फक्त येसराची आमटी करायची, वीस मिनिटांत जेवण. ॲपवरून मागवायचं त्याच्या पाव पैशांत पोट भरतं. आणि मावशींना आमचे चेहरे पाठ आहेत, जालन्यावालीला टायफॉइड झाला होता तेव्हा दोन दिवस आमच्यापैकी कोणी दिसलं नाही म्हणून त्यांनीच मुलाला वर पाठवलं होतं, सोबत मऊ भात आणि मेतकूट. एकट्या राहणाऱ्या पोरीला रोज बघणारं एक तरी माणूस गल्लीत पाहिजे, ते शोधा.

आता आमची खोली कशी चालते ते. घर कोणा एकीच्या नावावर नाही, तिघींची नावं करारात. जी सोडून जाते तिने एक महिना आधी सांगायचं आणि तिच्या डिपॉझिटचा हिस्सा नवीन येणारीने तिला द्यायचा, काकूंकडची रक्कम तशीच राहते, वहीत तारखेसह सह्या होतात, मग नवीन मुलीचं नाव घालून करार परत रजिस्टर, पोलिसांना माहिती परत. ब्रोकर मध्ये येतच नाही, तेवढे ३०,००० वाचले. येणारीची ऐपत नसेल तर हिस्सा तीन हप्त्यांत चालतो, त्याचं व्याज नाही. जालन्यावाली लग्न होऊन गेली, तिच्या जागी आता सेलूची मुलगी आहे. ज्या मैत्रिणीला घर मिळत नव्हतं तिला आम्ही आमच्याकडे ये म्हणालो होतो, काकूंची ना नव्हती, पण तोवर तिची आई इकडे राहायला आली होती. आणि हॉलमध्ये एक जास्तीची गादी ठेवलीय. इंटरव्ह्यूला, परीक्षेला किंवा पहिल्यांदा जॉइन व्हायला येणाऱ्या पोरीने आठ दिवसांपर्यंत तिथे झोपायचं, पैसे घेत नाही, पोळ्या आणायची पाळी मात्र तिच्यावर पण येते. त्या आठ दिवसांत तिला लोकल कळते, केंद्र कळतं, दोन-चार घरं आमच्यापैकी कोणाला तरी सोबत घेऊन बघता येतात.

सरकारी सोयही बघून ठेवा, नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्र सरकारची योजना आहे, तिला आता सखी निवास म्हणतात, अर्ज जरूर करा, फक्त लगेच जागा मिळेल हे धरून मुंबईची गाडी पकडू नका.

एका गादीने किती पोरींचं होणार हे मलाही कळतं. पण मराठवाड्यातून आलेल्या आता पुष्कळ जणी आहेत इथे, नर्सिंगला, बँकेत, पोलिसात, आयटीत, कल्याणपासून पनवेलपर्यंत. घरात जागा असेल तर एक गादी तुम्ही पण ठेवा, आणि वही घाला, म्हणजे आपण सोडून गेलो तरी खोली चालू राहील. मुलांनीही त्यांची अशी खोली करावी, त्यांना तर आमच्यापेक्षा जास्त ठिकाणी ‘नाही’ असं ऐकावं लागतं.

येताना आधार आणि पॅन कार्ड, ऑफर लेटर, पासपोर्ट साइजचे फोटो, पावसाळा असेल तर लवकर वाळणारे कपडे आणि पाव किलो येसर आणा. देवगिरी एक्सप्रेसने येणार असाल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, पहाटेचा अलार्म लावा आणि ठाण्याला उतरा, तिथून स्लो लोकलने मुलुंड पुढचंच स्टेशन आहे.